वडापाव खाण्याआधी एकदा कढईत बघा

फास्टफूड वाईट असतं हे आता पाचवीतल्या पोरालाही पाठ असतं, निबंधात लिहून मार्क पण मिळवतं आणि शाळा सुटली की गेटबाहेर फ्रँकी खातं. त्याचं काही चुकत नाही, कारण नुसतं "वाईट असतं" म्हटल्यावर कुणाला काही कळत नाही. नेमकं काय वाईट, किती खाल्लं की वाईट, कुणाला जास्त बाधतं, हे कुणी सांगतच नाही. त्यात फास्टफूड म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पिझ्झा बर्गर येतात आणि आपण परदेशी कंपन्यांना दोन शिव्या घालून मोकळे होतो. पण बघायला गेलं तर आपल्याकडे रोजच्या रोज पोटात जाणारं फास्टफूड गाडीवरचं असतं, वडापाव, समोसा, भजी, पॅटिस आणि रात्री सातनंतर चायनीज. म्हणून मी वडापावच घेतो समजवायला, तो सगळ्यांना माहितीय आणि बहुतेक सगळे मुद्दे त्यात आपोआप येतात.

वडापावचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असं सांगतात. तेव्हा गिरण्या चालू होत्या, पाळीवर जाणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या, एका हातात धरून, दोन मिनिटात आणि थोड्या पैशात पोटाला आधार होईल असं काहीतरी हवं होतं. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या बऱ्याच घरांनी पोटासाठी गाड्या टाकल्या. थोडक्यात हे अंगमेहनत करणाऱ्यांचं खाणं. आपण ते आठ नऊ तास खुर्चीत बसून झाल्यावर खातो, वर साखरेचा चहा, मग बाईकवर बसून घरी, आणि घरी गेल्यावर पूर्ण जेवण परत आहेच.

आता कॅलरी. मध्यम आकाराच्या वडापावात साधारण २५० ते ३५० कॅलरी धरा, वडा केवढा आणि पाव केवढा त्यावर आहे. तेल न लावलेल्या तीन चपात्यांएवढं झालं हे. म्हणजे आकडा काही भयंकर नाही, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण इंटरनेटवर वडापावला विष वगैरे म्हणणारे बरेच आहेत. बटाट्याची भाजी, बेसन, लसूण, मिरची, पाव, यात विष कुठलं आलं? गोची आहे ती तळणात.

तेलाचं काय होतं

कढईत वडा सोडला की बुडबुडे येतात ना, ते तेल उकळतंय म्हणून येत नाहीत, ती वड्यातल्या पाण्याची वाफ असते. तेल १७० ते १८० डिग्रीला असतं, पाणी शंभरला उकळतं, त्यामुळे पिठातलं पाणी फटाफट वाफ होऊन बाहेर पडतं. हे पाणी, वरची हवा आणि एवढी उष्णता असे तिघं मिळून तेलाची वाट लावतात. पाण्यामुळे तेलाचे रेणू फुटतात, हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेल खवट होत जातं, आणि सतत तापत राहिल्यामुळे हे फुटलेले खराब झालेले तुकडे एकमेकांना जोडले जाऊन तेल घट्ट आणि चिकट होतं. कढईच्या काठावर जो राळेसारखा तपकिरी थर बसतो, कितीही घासला तरी निघत नाही, तो हाच प्रकार.

या सगळ्या खराब मालाला मिळून टोटल पोलर कंपाऊंड्स म्हणतात. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून नियम केलाय की तेलात हे २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळणाला वापरायचं नाही. थर्मामीटरसारखं छोटं मीटर मिळतं, कढईत बुडवलं की टक्केवारी दाखवतं. त्याच वर्षी रुको नावाची योजना आली, वापरलेलं तेल गोळा करायचं आणि त्याचं बायोडिझेल करायचं, आणि दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांनी जुन्या तेलाचं काय केलं त्याची नोंद ठेवायची. कागदावर छानच आहे. पण कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला दिवसाला ५० लिटर कुठून लागणार, आणि त्याच्याकडे मीटर कुठून असणार! त्याला तेलाचा १५ किलोचा डबा परवडत नाही ही खरी अडचण आहे, म्हणून तो तेल बदलत नाही, कमी झालं की वरून नवीन ओततो. आणि मोठ्या ठिकाणचं काळं झालेलं तेल स्वस्तात छोट्या धंदेवाल्यांकडे जातं ही तर जुनीच तक्रार आहे, रुको आणण्यामागे ते एक मोठं कारण होतं.

असं तेल पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही, म्हणजे झालंच तर घसा धरतो, ॲसिडिटी होते. खरं नुकसान सावकाश होतं. या खराब तेलातले पदार्थ रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतात, अंगात बारीक सूज धरून ठेवतात, आणि रक्तवाहिनीत चरबीचा थर साचायला अशी सुजलेली जागाच लागते. ते वर्षानुवर्षं चालतं, कळत काहीच नाही.

अजून एक गोष्ट जी फार जणांना माहिती नसते. वडा तेलात असतो तेव्हा तो फारसं तेल पीत नाही, कारण आतून वाफ जोरात बाहेर येत असते आणि ती तेलाला आत शिरू देत नाही. तेल शिरतं ते वडा बाहेर काढल्यावर. वाफ थंड होते, आत पोकळी तयार होते आणि वरच्या पापुद्र्याला चिकटलेलं तेल झपकन आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यात वडा वरच्या वर दोनचार वेळा झटकून, नीट निथळून काढणारा माणूस आणि तसाच परातीत ढीग घालणारा माणूस यांच्या वड्यात फरक पडतो. जुनं चिकट तेल पदार्थाला जास्त धरून बसतं, त्यामुळे जुन्या तेलातला वडा जास्त तेलकट लागतो, तो तुमचा भास नसतो. आणि वड्याबरोबर तो बेसनाचा कुरकुरीत चुरा देतात, मला पण आवडतो, पण तो म्हणजे तेल प्यायलेलं पीठ, बाकी काही नाही. चमचाभर ठीक आहे, पावात ठासून भरून नको.

मग गाडीवर बघायचं काय? सरळ कढईत बघायचं, लाजायचं काय त्यात. तळ दिसतो का, तेल सोनेरी आहे का चहाच्या रंगाचं झालंय, वडा नसताना पण वर बारीक फेस राहतोय का, धूर लवकर येतोय का. फेस बसत नसेल आणि धूर डोळ्याला झोंबत असेल तर पुढच्या गाडीवर जा. गर्दी असलेली गाडी बरी, तिथं निदान वडा समोर तळून निघतो, एकदा तळलेला परत गरम करायला सोडत नाहीत. आणि वर्तमानपत्रात बांधून देत असतील तर साधा कागद मागा, छपाईच्या शाईतली रसायनं गरम तेलाबरोबर सुटतात, आणि वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला बंदीच आहे.

घरी पण हेच. दिवाळीचं तळण झालं की उरलेलं तेल भरणीत ठेवून पुढचे दोन महिने त्यातच पापड कुरड्या तळणारी घरं काही कमी नाहीत. गाळून घ्या, एक दोन दिवसात भाजीच्या फोडणीत संपवा, परत परत तळू नका. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, एनआयएन, २००० कॅलरीच्या आहारात दिवसाला २७ ग्रॅम तेल तूप सांगते. महिन्याला माणशी लिटरपेक्षा कमीच झालं ते, चार माणसांच्या घरात साडेतीन लिटर. तुमच्याकडे महिन्याला किती येतं ते किराणाच्या बिलावर बघा, आणि बाहेरच्या वड्या समोशातलं त्या बिलात नसतं हे पण लक्षात असू द्या.

बाहेर बहुतेक ठिकाणी पामतेल असतं, पामोलिन. स्वस्त असतं आणि तापवल्यावर बाकीच्या तेलांपेक्षा जास्त टिकतं म्हणून वापरतात. अडचण एवढीच की त्यात जवळजवळ निम्मी सॅच्युरेटेड चरबी असते आणि ती वाईट कोलेस्टेरॉल, एलडीएल, वाढवते. बिस्किटं, चिप्स, नूडल्स, फरसाण, सगळीकडे तेच असल्यामुळे थोडं थोडं करत दिवसभरात बरंच पोटात जातं.

खारी बिस्किटांबद्दल एक वाईट बातमी

वडापाव सोडला म्हणून अभिमानाने सांगणारे लोक सकाळ संध्याकाळ चहात खारी बुडवून खातात. खारीला ते पदर सुटतात ना, ते मैद्याच्या थरांमध्ये घट्ट चरबी लाटून घातल्यामुळे सुटतात. बेकरीत ती चरबी म्हणजे वनस्पती तूप नाहीतर मार्गारीन. द्रव तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचं ही जुनी पद्धत, आणि ते अर्धवट केलं की ट्रान्स फॅट तयार होतं. ट्रान्स फॅट डबल नुकसान करतं, एलडीएल वाढवतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, कमी करतं. चरबीतला सगळ्यात वाया गेलेला प्रकार हाच.

इथे सरकारने खरंच चांगलं काम केलंय, म्हटलंच पाहिजे. तेल आणि वनस्पतीमधल्या ट्रान्स फॅटची मर्यादा ५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. त्यामुळे नावाजलेल्या पाकिटातल्या मालाची आता तेवढी भीती नाही. सुट्या मालाचं, गल्लीतल्या बेकरीचं काय, तिथं कुणी रोज तपासायला जात नाही. नानकटाई, खारी, क्रीमरोल हे आठवड्यातनं एखाद दिवशीचं खाणं समजा, रोजचं नको.

पाव, बटाटा आणि बाजूची बाटली

गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की उरतो तो मैदा, म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. तंतू नाहीत म्हणून पटकन पचतो, रक्तात साखर चढते, ती उतरवायला इन्शुलिन सुटतं, आणि थोड्या वेळात परत भूक. वडापावात तर पावाचा स्टार्च आणि आत बटाट्याचा स्टार्च, प्रोटीन म्हणाल तर बेसनाच्या पातळ कव्हरापुरतं. पोट भरल्यासारखं वाटतं, टिकत नाही. समोशाचं पण तेच, पारी मैद्याची, आत बटाटा. त्या मानाने उसळपाव बरा, मटकीत प्रोटीन पण आहे आणि तंतू पण.

पण माझ्या मते वडापावापेक्षा जास्त घोळ त्याच्या शेजारच्या बाटलीत आहे. कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलिला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, बाटलीवर लिहिलेलं असतं. २५० मिलिची छोटी बाटली म्हणजे पाच चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत ठेवली तर उत्तम, म्हणजे उत्तमवाली लिमिट एका छोट्या बाटलीतच संपली. प्यायलेल्या साखरेने पोट भरत पण नाही, त्यामुळे जेवण कमी होत नाही. त्या साखरेतला फ्रुक्टोजचा भाग बराचसा लिव्हरमध्ये जातो, जास्त झाला की लिव्हर त्याची चरबी करून ठेवतं. सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर ग्रेड वन" लिहून येतं आणि माणूस म्हणतो मी तर दारूला शिवत पण नाही! दारू न पिता फॅटी लिव्हर होणारे आता घरोघरी आहेत. एकाच गोष्टीवर पाणी सोडायचं असेल तर वडापाव राहू द्या, बाटली सोडा.

"मी तर बारीक आहे, मला काय होतंय"

हे पुण्यातल्या माणसाने खोटं पाडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३. म्हणजे वजनकाट्याच्या हिशोबाने दोघं सारखेच फिट. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! खाली त्यांनी गमतीत लिहिलंय की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती पकडणे.

गंमत सोडा, मुद्दा गंभीर आहे. याज्ञिक यांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांमधल्या बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आपली बाळं जन्मतःच वजनाला कमी पण त्या मानाने चरबीला जास्त आणि स्नायूंना कमी असतात असं त्यात दिसलं. आपली चरबी हातापायावर दिसत नाही, पोटात आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये जाऊन बसते, आणि तीच जास्त उपद्व्यापी असते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात, गोऱ्या लोकांना २५ पर्यंत सूट आहे. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर वजनकाटा काही का सांगेना, लक्ष द्यायची वेळ आली. टेप बेंबीच्या आसपास धरायची, पँटचा नंबर नाही धरायचा, पोट सुटलेली माणसं पँट खाली बांधून नंबर तोच ठेवतात.

२०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे वैद्यकीय संशोधन करणाऱ्या सरकारी परिषदेचा, देशभरातला अभ्यास आला त्यात १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असा अंदाज निघाला. हे सगळे काही गलेलठ्ठ नाहीयेत.

घाईत खाणं

२०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी एक प्रयोग केला. वीस माणसांना महिनाभर हॉस्पिटलात ठेवलं, दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं खाणं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ सगळं दोन्हीकडे सारखं, आणि सांगितलं की हवं तेवढं खा. तयार खाण्याच्या काळात लोकांनी दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यात जवळपास एक किलो वजन वाढलं, साध्या खाण्यावर तेवढंच उतरलं. प्रयोग छोटा आहे हे मान्य, पण त्यात एक गोष्ट दिसली की तयार खाणं लोक भराभर खात होते. मऊ, चावायला न लागणारं, पोटाला "बास" म्हणायला वेळच मिळत नाही.

अशा खाण्याला अल्ट्रा प्रोसेस्ड म्हणतात, ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरो यांनी ही वर्गवारी केली. चिप्स, क्रीमची बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स, नगेट्स, कोल्ड्रिंक, म्हणजे घरच्या स्वयंपाकघरात नसणाऱ्या वस्तू घालून कारखान्यात बनलेलं खाणं. त्या हिशोबाने आपला वडा अजून बराच घरगुती आहे, बटाटा उकडलाय, फोडणी दिलीय, बेसनात बुडवलाय. चिप्सचं मोठं पाकीट आणि कोल्ड्रिंक की चांगल्या तेलातला एक वडापाव असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून वडापाव म्हणेन.

चायनीजच्या गाडीबद्दल थोडक्यात. सगळे अजिनोमोटोला घाबरतात, पण नेहमीच्या प्रमाणात त्याने काही बिघडतं असं संशोधनात ठामपणे दिसलेलं नाही. घाबरायचं तर मिठाला घाबरा. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे दोन ग्रॅमच्या वर मीठ, आणि पूर्ण दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर शेजवान चटणी, मंचुरियन आधीच तळलेलं, त्यात परत तेल. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी तर ती गाडी दिसली की रस्ता बदलावा. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं.

मग खायचं काय

आधी संध्याकाळची भूक समजून घ्या. दुपारी साडेबाराला डबा खाल्ला, रात्री नऊला जेवणार, मध्ये आठ साडेआठ तास. साडेपाचला भूक लागणारच, त्यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही. त्या वेळी ऑफिसच्या खाली जे मिळतं ते माणूस खातो. त्यामुळे इच्छाशक्तीवर विसंबण्यात अर्थ नाही, त्या वेळेला हाताशी दुसरं काहीतरी असलं पाहिजे. मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे, उकडलेलं अंडं, केळं, पेरू, मोड आलेले मूग कांदा लिंबू घालून. ड्रॉवरमध्ये फुटाण्याची बरणी ठेवायला काही डायटिशियन लागत नाही. आणि दुपारच्या डब्यात बघा काय असतं, चपाती बटाट्याची भाजी किंवा चपाती भेंडी, प्रोटीनच्या नावाने बोंब. त्यात उसळ, डाळ, पनीर, दही काहीतरी घातलं तर संध्याकाळची भूक तेवढी खवळत नाही.

बाहेरच खायचं असेल तरी आपल्याकडे पर्याय भरपूर आहेत, आपण हॉटेलात गेल्यावर बघत नाही एवढंच. मेदुवड्यापेक्षा इडली. पोहे, उपीट चालतील. भेळ खरंतर चांगली, चुरमुरे कांदा टोमॅटो कैरी, शेव कमी घालायला सांगा आणि गोड चटणी बेताने. मिसळीत मटकी ही कामाची गोष्ट, ती जास्त मागा, फरसाण कमी, तर्री वेगळ्या वाटीत, आणि पाव दोनच्या वर नको. पावभाजीत भाज्या असतात हो, पण तव्यावर बटरचा गोळा आणि वरून अजून एक, वरचा तरी नको म्हणा. थालीपीठ, घावन, धिरडं मिळालं तर सोडू नका. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका भाकर द्यायची योजना काढली होती, ती कशी चालली आणि तिच्या जागांचं पुढे काय झालं तो राजकारणाचा भाग झाला, पण ज्वारीची भाकर, बेसन, कांदा, ठेचा, खाणं म्हणून याला तोड नव्हती.

पिझ्झा बर्गरच्या दुकानात एकच करा, कॉम्बो घेऊ नका. काउंटरवरची मुलगी म्हणणार फक्त साठ रुपयात फ्राईज आणि ड्रिंक येईल, तिथे "नको" म्हणायचं. बर्गर खा, पाणी प्या, जेवण पण तेच समजा. दहा किंवा जास्त शाखा असलेल्यांना २०२२ पासून मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात, बारीक अक्षरात असतात, पण असतात. रात्री अकराला ॲपवरून मागवायची सवय असेल तर ती आधी मोडा, जेवून लगेच आडवं झाल्यावर ॲसिडिटी वर येते आणि सकाळी नाश्त्याला भूक नसते.

पाकीट घेताना पुढची बाजू बघूच नका, तिथं शेतात उभा गहू आणि मधाचा थेंब असतो. मागे घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. "मल्टिग्रेन" बिस्किटात पहिला शब्द मैदा आणि पुढे साखर, पाम तेल असेल तर ते मैद्याचं बिस्किट. आकडे बघायचे ते प्रति १०० ग्रॅमच्या रकान्यातले, "प्रति सर्व्ह" मध्ये दोन बिस्किटांचा हिशोब असतो आणि दोन बिस्किटांवर कोण थांबतं.

मुलांचं अवघड असतं. २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या कॅन्टीनमध्ये जंक फूडला बंदी घातली, नंतर केंद्राच्या नियमात शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत असलं खाणं विकू नये असं पण आलं. गेटबाहेर काय चालतं ते रोज दिसतंच. घरात एक करता येतं, चांगले मार्क मिळाले की पिझ्झा हे बक्षीस बंद करायचं, नाहीतर पिझ्झा म्हणजे सण आणि भाजी म्हणजे शिक्षा हे डोक्यात पक्कं बसतं. आणि "आमच्याकडे बाहेरचं चालत नाही" म्हणून घरी रोज चिवडा चकली शंकरपाळ्यांचा डबा भरलेला, तर तेल मैदा साखर तीच, फक्त गॅस आपला.

तिशी झाली असेल, घरात कुणाला डायबिटीस असेल किंवा कंबर वर सांगितलेल्या आकड्याच्या पुढे असेल तर वर्षातून एकदा बीपी, लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची टेस्ट, आणि एचबीए१सी करून घ्या. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन तीन महिन्यांची सरासरी साखर, ५.७ च्या खाली असली तर छान, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, इथून बहुतेक जण खाणं चालणं सुधारून मागे फिरू शकतात, ६.५ आणि वर असेल तर डॉक्टर पुढचं बघतील. आणि लिपिडच्या टेस्टला जाताना आदल्या रात्री ट्रिपल शेजवान आणि कोल्ड्रिंक हाणून जाऊ नका, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, वाढलेले येतात आणि परत पैसे भरून टेस्ट करावी लागते.